आधी बोट बघा

बरेच जण म्हणतात की वयस्कर माणसांना टॅब्लेट दहादा दाखवला तरी लक्षात राहत नाही. मला वाटतं, बऱ्याचदा अडचण स्मरणशक्तीची नसतेच, स्पर्शाची असते.

आईला शिकवताना हे कळलं. ती अगदी योग्य आयकॉनवर बोट ठेवायची, पण दारावरची बेल दाबावी तसं, चांगलं रुतवून. टॅब्लेटला तो 'लाँग प्रेस' (बोट बराच वेळ दाबून धरणं) वाटायचा, आयकॉन थरथरायला लागायचे आणि तिला वाटायचं, आपण काहीतरी बिघडवलं. मग भीतीने हातच आखडता. ही स्क्रीन दाबावर चालत नाही, बोट टेकल्यावर स्क्रीनच्या सूक्ष्म विद्युतभारात होणाऱ्या बदलावर चालते. वयानुसार बोटांची टोकं कोरडी पडतात, स्पर्श नोंदला जात नाही, म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो. साधा रबरी टोकाचा स्टायलस (टच स्क्रीनवर वापरायचा पेन) दिला तर खूप फरक पडतो.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' लाँग करून ठेवा, म्हणजे बोट जरा जास्त वेळ टेकलं तरी लगेच लाँग प्रेस धरला जात नाही. आयपॅडवर स्क्रीनने स्पर्शाला कसा प्रतिसाद द्यायचा ते ठरवणारं 'टच अकोमोडेशन्स' बघा. अक्षरं मोठी करणं तर सगळेच करतात.

आणि कृपा करून त्यांच्या हातातून टॅब्लेट ओढून घेऊन "हे बघ, असं" करू नका. आपलं बोट इतकं झरझर फिरतं की त्यांना काहीच दिसत नाही. मी हात पाठीमागे बांधून बसायचे, फक्त तोंडाने सांगायचे. पहिला व्हिडिओ कॉल लावायला आईला वीस मिनिटं लागली, पण लावला तिनेच. दुसऱ्या दिवशी मी घरी नसताना तिने मावशीला परत लावला.