फिकट आलेल्या निसर्गफोटोंचं तुम्ही काय करता? अनुभव सांगा

डिसेंबरात पहाटे नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ रामसर या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं. पाण्यावर धुकं, त्यातून उठलेला बदकांचा थवा, मागे केशरी उजेड. घरी फोटो उघडले तर सगळं राखाडी, काचेवर वाफ धरल्यासारखं. खूप वाईट वाटलं. असे फोटो तुम्ही कशाने सुधारता आणि कुठे थांबता? एकेक फोटो आठवून लिहा, वर नाशिकमधला आपला भाग टाका.

इंदिरानगर
आधी हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत गडद ते उजळ किती आहे हे दाखवणारा आलेख. धुक्यामुळे प्रकाश विखुरतो, काळं खरं काळं राहत नाही, पांढरंही मळतं. म्हणून आलेखाचा ढीग मधे गोळा होतो आणि दोन्ही टोकं रिकामी राहतात. मी गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. लेव्हल्समध्ये डावा आणि उजवा त्रिकोण ढिगाच्या कडेपर्यंत आत सरकवायचा. गंगापूर धरणाच्या एका फोटोत एवढ्यानेच पलीकडचा डोंगर दिसायला लागला. मात्र धुक्याच्या फोटोत त्रिकोण अगदी कडेला टेकवू नका. धुकंच पुसलं जातं, मग पहाट कुठली आणि दुपार कुठली!

कॉलेज रोड
माझी अडचण हिरव्याची. श्रावणात दुगारवाडीला गेलो, धबधब्याभोवती ओलं गवत, शेवाळ. ढगाळ उजेडात फोटो निळसर आला, म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे सगळ्या रंगांचा भडकपणा, वाढवलं. गवत पोपटी झालं आणि दगडसुद्धा हिरवट दिसायला लागले. खरा दोष व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे फोटोतली निळी-पिवळी झाक ठरवणाऱ्या सेटिंगचा होता. तो थोडा उबदार केल्यावर निम्मं काम झालं. आता सॅच्युरेशनला हात लावत नाही, व्हायब्रन्स जरासं वाढवते. ते फिकट रंगांना जास्त उचलतं, आधीच गडद असलेल्यांना कमी.

सिडको
माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. स्नॅपसीड ॲपमध्ये ठरावीक जागेवर बोट ठेवून तेवढाच भाग उजळता येतो. पांडवलेणीवरून काढलेल्या संध्याकाळच्या फोटोत आकाश तसंच ठेवून खालची झाडं उजळली. पुरेसं झालं.

पंचवटी
दादा, बदकांच्या फोटोंची मूळ फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी, आहे का? असेल तर अजून पुष्कळ करता येईल. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावल्या उचलायला गेलं की हा फरक कळतो. जेपेगमध्ये आकाशात पट्टे पडतात.

पण रॉलाही मर्यादा आहे, ती मला बगळ्यांनी शिकवली. पाणी गडद, बगळा पांढराशुभ्र; कॅमेऱ्याने पाण्याकडे बघून एक्स्पोजर वाढवलं आणि पंख सपाट पांढरे झाले. तीन तास बसून मिळालेला फोटो होता. हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागांचा स्लायडर पार खाली ओढला तरी पिसांच्या रेघा आल्या नाहीत, कारण त्या टिपल्याच गेल्या नव्हत्या. तेव्हापासून पांढरा पक्षी गडद पाण्यावर असला की एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवतो. अंधारातून काही वर काढता येतं, जळलेल्या पांढऱ्यातून नाही.

देवळाली कॅम्प
मी फिल्मच्या काळातला माणूस. डार्करूममध्ये एन्लार्जर या निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली हाताची सावली धरून फोटोचा एखादा भाग उजळ ठेवायचो. आज सॉफ्टवेअरमध्ये डॉज म्हणतात ते हेच. त्यामुळे संपादन म्हणजे खोटेपणा असं मला कधी वाटलं नाही.

एका बाबतीत मात्र फार जपतो. अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प आहे, २००६ मध्ये नवी जात म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. अशा फुलाचा फोटो ओळख पटवायला पाठवायचा तर रंग अजिबात बदलू नका. मी एकदा एका रानफुलाचा जांभळा रंग खुलवून पाठवला आणि अभ्यासक मित्राची ओळख चुकली. आता मूळ प्रत वेगळी ठेवतो, तीच पाठवतो. आणि दुर्मीळ झाडाचा फोटो सगळ्यांना दाखवण्याआधी फाइलमधली जागेची नोंद काढून टाका, कळकळीची विनंती आहे. लोक कंद उपटून नेतात.

कॉलेज रोड
काका, जागेच्या नोंदीचं माहीत नव्हतं. आजच जुने फोटो तपासते.

इंदिरानगर
छापणार असाल तर स्क्रीनचा उजेड आधी कमी करा. माझा स्क्रीन पूर्ण उजेडावर होता, त्यावर बरोबर दिसलेला हरिहर किल्ल्याचा फोटो छापून आला तो काळवंडलेला. आता आधी लहान प्रिंट काढून खिडकीपाशी धरून बघतो.

धागाकर्ता
रॉ फाइल होती! काल रात्री बसलो. काळं टोक थोडं आत घेतलं, पांढरं तसंच ठेवलं, व्हाइट बॅलन्स उबदार केला. धुकं कमी करणारं डीहेझ लावून बघितलं, पण बदकं कापून चिकटवल्यासारखी दिसली म्हणून काढून टाकलं. थव्यातली मागची चार-पाच बदकं अजून धुक्यात अर्धी बुडालेलीच आहेत. त्या पहाटे तशीच दिसली होती. बायकोला दाखवला, ती सोबत होती. म्हणाली, "हां, आता थंडी वाजतेय."