चाळणी किती लवकर लागते?
‘पालक शिकलेले असले की मूल शिकतेच, आणि हे सर्व देशांत सारखे आहे’ हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे सुमारे १०व्या वर्षीच मुलांच्या शाळांचे प्रकार वेगळे होतात आणि एवढ्या लहान वयात पालकांचे शिक्षणच निर्णायक ठरते. फिनलंडने मात्र १९७०च्या दशकात ही विभागणी १६व्या वर्षापर्यंत पुढे नेली.

आपल्याकडे मुलांना वेगळे करणारी ही चाळणी पहिलीच्याही आधी लागते. कळव्यात शेजारच्या सातवी शिकलेल्या ताईंना मी शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांचा ऑनलाइन अर्ज भरून दिला, तेव्हा घराचे ठिकाण नकाशावर दाखवण्यातच त्यांचे दोन दिवस गेल्याचे कळले आणि फार वाईट वाटले, कारण ही तरतूद त्यांच्यासारख्यांसाठीच आहे.