मदत हवी आहे: खरं बोलून दिशाभूल करणारी राजकीय विधानं

मंडळी, कॉलेजच्या मुलांना राजकीय शब्दच्छल समजावून सांगायचाय. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) १९७३ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे प्रवक्ते रॉन झिगलर यांनी सरकारची आधीची विधानं खोटी होती असं न म्हणता ती ‘इनऑपरेटिव्ह’ ठरवली, म्हणजे आता लागू नाहीत! हे मुलांना लगेच कळतं.

अडतं ते आकड्यांपाशी. महागाईचा दर ८ वरून ५ टक्क्यांवर आला की ‘महागाई घटली’ म्हणून पाठ थोपटून घेतात. प्रत्यक्षात १०० ची वस्तू आधी १०८ ची आणि मग ११३.४० ची झालेली असते. स्वस्त काहीच झालेलं नसतं. वाक्य धडधडीत खोटं नाही, म्हणूनच पकडता येत नाही.

अशी आणखी उदाहरणं सुचवाल का? सगळ्या पक्षांची हवीत, नाहीतर मुलं मलाच एका बाजूचा समजतील.