मदत हवी आहे: सासवडजवळच्या माळावर रात्री 'टुक टुक टुक र्रर्र' करणारा पक्षी कोणता?

नमस्कार मंडळी,

मी एरवी कोथरूडला असते, पण सासर पुरंदर तालुक्यात, सासवडच्या थोडं पुढे. मुलांना सुट्टी लागली म्हणून पंधरा दिवस गावीच आहे. आमच्या आप्पांची (सासरे) नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे, पण कान असे की विचारू नका. पहाटे ओट्यावर बसून हजेरी घेतल्यासारखे सांगतात, "दयाळ उठला. आता तित्तर बोलंल." आणि खरंच पाच मिनिटांत बांधापलीकडून तित्तर 'कटीतर, कटीतर' सुरू करतो. मला इतकी वर्षं चिमणी, कावळा, कोकिळा आणि 'इतर' एवढंच कळायचं.

तर प्रश्न असा. साडेसातच्या सुमारास अंधार पडला की घरामागच्या माळावरून एक आवाज येतो. काचेची गोटी शहाबादी फरशीवर सोडली की आधी लांब लांब टप्पे, मग जवळ जवळ, आणि शेवटी थरथरत थांबते, हुबेहूब तसा. टुक... टुक.. टुक टुक टुक र्रर्र. मग थोडा वेळ शांत, परत गोटी. चांदणं असलं की जास्तच. बॅटरी घेऊन गेले तर गप्प.

पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने प्रयत्न केला. फोन कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, त्याने एकदा टिटवी दाखवली (ती खरंच ओरडत होती) आणि बाकी काही नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर रातकिडे आणि शेजारची पाण्याची मोटार.

खरी गोम वेगळीच आहे. आप्पांना आवाज ओळखीचा आहे, नाव आठवत नाही. "माझा बाप सांगायचा याचं नाव," म्हणतात आणि जेवता जेवता थांबतात. बाकी सगळी नावं तोंडपाठ, हे एकच निसटलंय. ते फार मनाला लावून घेतायत. कुणी सांगू शकेल का? आणि रेकॉर्डिंग नीट कसं करायचं तेही सांगा.

---

टेकडीकर: तांबट असणार. आमच्या सोसायटीतल्या पिंपळावर दिवसभर टुकटुक चालू असतं, डोकं उठतं.

---

खारूताई: तांबट नाही हो. तो भर उन्हात बोलतो आणि ठोका एका लयीत ठेवतो, भांडी ठोकणाऱ्या तांबटासारखा, म्हणून तर ते नाव. यांचा ठोका जवळ जवळ येत संपतोय. पावशा असू शकेल का? तो रात्रीही ओरडतो.

---

खेड-शिवापूर: पावशाचा आवाज 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करत वर वर चढत जातो, ऐकणाऱ्याला वाटतं आता याचा घसा फाटणार. त्यात शेवटी र्रर्र नसतो. पावशा नाही.

---

माळरान_भटक्या: ताई, गोटीची उपमा वाचूनच कळलं. हा रातवा. इंग्रजीत ज्याला इंडियन नाइटजार म्हणतात तो. आम्ही पिंगपाँगचा बॉल म्हणतो, पण शहाबादी फरशी जास्त चपखल आहे, आता हीच वापरणार.

आपल्याकडे रातवे आवाजावरून ओळखणंच सोपं, कारण दिसायला सगळे सारखेच, सुकलेल्या पाचोळ्यासारखे. गोटी टाकतो तो हा. संध्याकाळी उडता उडता मध्येच 'च्वीप' असा एकच टोकदार आवाज काढतो तो सव्हाना नाइटजार, तोही माळावर, खडकाळ उतारांवर भेटतो. आणि मुळशी-ताम्हिणीकडे झाडीत कोणी 'चुक चुक चुक' असं न थकता एकाच वेगाने करत असेल तर तो जंगल नाइटजार. तिघांत वेग वाढवणारा एकच, हे लक्षात ठेवा.

दिवसा शोधू नका. तो जमिनीवर डोळे मिटून बसलेला असतो आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. घरटं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो, आणि सध्या विणीचे दिवस आहेत. माळात बॅटरी घेऊन फिरू नका ते यासाठी. रात्री गाडीने जाताना कच्च्या रस्त्यावर दोन लाल निखारे दिसले तर थांबा, बहुतेक तोच. किडे पकडायला रस्त्यावर येऊन बसतो आणि बिचारा गाड्यांखाली येतो.

रेकॉर्डिंगचं: ॲप आवाजाचं चित्र काढून त्यावरून ओळखतं. रातकिडे आणि मोटार यांच्या गदारोळात लांबचा पक्षी त्या चित्रात उमटतच नाही. फोन भिंतीवर ठेवू नका, भिंत मोटारीचा आवाज परत फेकते. घर पाठीशी ठेवून, फोनचं खालचं टोक (माइक तिथे असतो) माळाकडे करून दोन मिनिटं हलू नका, चप्पलसुद्धा वाजता कामा नये. शेवटी आपल्याच आवाजात तारीख, वेळ, ठिकाण बोलून ठेवा. मोटार कधी बंद असते ते शेजाऱ्यांना विचारा, लाइटच्या वेळेवर असेल.

आणि एक विनंती. आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं दुसरा नर आला, आणि सगळं सोडून तो त्याच्याशी भांडायला येतो.

---

खारूताई: 'लाइटच्या वेळेवर' वाचून गाव आठवलं :) मागे मला सासवडच्या माळावर एकाच झुडपातून आधी टिटवी, मग कोतवाल, मग भलतंच कोणी ऐकू आलं होतं. अर्धा तास तीन पक्षी शोधत बसले. निघाला एकच, तुरेवाला सायक्सचा चंडोल. सगळ्यांची नक्कल करतो. आप्पांना विचारा, तो त्यांना फसवतो का?

---

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. भटक्या, तुम्ही म्हणालात तसं घराकडे पाठ करून उभी राहिले, काल लाइट नव्हती त्यामुळे मोटारही बंद. स्वच्छ मिळालाय आवाज, गोटीचे टप्पेसुद्धा मोजता येतात, पाच-सहा आणि मग र्रर्र.

झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवरचं रेकॉर्डिंग आप्पांना आतल्या खोलीत, दारं लावून, अगदी हळू ऐकवलं. पहिल्या टुकलाच हात वर केला. "ह्योच." मग मी नाव सांगितलं, रातवा. दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "रातवा पुस्तकात आसंल. आमचा बाप दुसरं कायतरी म्हणायचा."

खारूताई, चंडोलाचं विचारलं. म्हणाले, "तो नक्कल करतो, पर टिटवीला घाई असती, याला नसती." यावर काय बोलणार!

तेव्हा धागा अजून बंद करत नाहीये. पुरंदर, बारामती, दौंड, शिरूर भागातल्या कुणाच्या घरी जुनं माणूस असेल तर त्यांना हा आवाज ऐकवून गावाकडचं नाव विचाराल का? मी रविवारपर्यंत इथे आहे.