कणकुंबीच्या पावसाची नोंद: घरगुती पर्जन्यमापक चालेल का?

प्रश्न: आमचा ट्रेकिंग ग्रुप बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबी भागात दर रविवारी असतो. बाटली आणि नरसाळं लावून पाऊस मोजला तर आकडा खरा येईल का?

उत्तर १: येईल, पण उथळ नरसाळं नको, थेंब उसळून बाहेर जातात. नरसाळ्यावर चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा उभा बसवा, कडा समपातळीत हवी. पाइपचा आतला व्यास मोजा. तो 10 सेंमी असेल तर 78.5 चौ. सेंमी क्षेत्र, म्हणजे 7.85 मिलि पाणी = 1 मिमी पाऊस. तोंड जमिनीपासून 30 सेंमी वर. झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा.

उत्तर २: बाटली विसरा. 250 मिमीलाच दोन लिटर भरतात, आणि तिथं जुलैत आठवड्याचं पाणी साठवायचंय. वीस लिटरचा कॅन घ्या, दगडांनी आवळा, नरसाळ्यात जाळी टाका. पानं अडकली की पाणी वरून वाहून जातं.

उत्तर ३: आठवड्याच्या बेरजेला सातनं भागून रोजचा पाऊस कृपया लिहू नका. ‘अमुक तारखेपासून साठलेला’ अशीच नोंद करा. रोजचा आकडा हवा तर गावातल्या कुणालातरी सकाळी साडेआठला वाचायला सांगा. हवामान खात्याची वेळ तीच. पाऊस नसला तरी 0 लिहायचा, रकाना रिकामा नको.