मदत हवी आहे: विज्ञानाच्या व्याख्यानांना सोबत कशी शोधायची?

नमस्कार मंडळी,

मला आकड्यांशी खेळायचा भारी नाद आहे. गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा बऱ्याच जणांना माहीत असेल. चार अंकी संख्या घ्यायची (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच, आणि पुढे तोच येत राहतो. तीन अंकांत ४९५ येतो. दोन अंकांत मात्र मुक्काम असा नाहीच! ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९, असं चक्र फिरत राहतं. मला तर हे चक्रच जास्त आवडतं.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं, पण घरचे आणि मित्र दोन मिनिटांत विषय बदलतात. विज्ञानाच्या खुल्या व्याख्यानांना मी आवडीने जाते, पण एकटीच. प्रश्नोत्तरं संपली की सगळे पांगतात, आणि डोक्यात घोळणारं तसंच राहून जातं.

तुमच्यापैकी कुणाला अशी सोबत मिळाली आहे का? कशी मिळाली? शेजारच्या अनोळखी श्रोत्याशी बोलायला सुरुवात कशी करता? आयोजकांनाच विचारावं का, की आधी दोघातिघांचा छोटा गट जमवावा? गणिताची पदवी नसलेल्यांनाही सामावून घेणारा गट हवा आहे. अनुभव सविस्तर लिहा, प्लीज.