मदत हवी आहे: सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच. आयन चॅनलबद्दल कुणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. तिला बरीच वर्षं आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याचा हळवेपणाचा त्रास) आहे. कोलोनोस्कोपी, सोनोग्राफी, रक्ततपासणी सगळं स्वच्छ. तरी जेवण झालं की पोट फुगतं आणि बेंबीखाली कळा सुरू होतात. नव्या डॉक्टरांनी प्रीगॅबॅलिन दिलीय. आतल्या कागदावर 'फिट्ससाठी' असं वाचलं आणि बाईसाहेब रडायलाच लागल्या, "म्हणजे सगळं माझ्या डोक्यातच आहे ना?"

डॉक्टर एवढंच म्हणाले की आतड्याच्या नसा हळव्या झाल्यात. म्हणून मी वाचायला घेतलं. मला कळलं ते असं: चेतापेशीच्या पटलात प्रथिनांची बारीक दारं असतात, तीच आयन चॅनल; ती उघडली की सोडियम, कॅल्शियम आत शिरतं आणि संदेश मेंदूकडे निघतो. टीआरपीव्ही१ हे दार मिरचीतल्या कॅप्सायसिनने आणि साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेने उघडतं. पिझो२ ताणाने उघडतं. या दोन शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. इथपर्यंत ठीक.

पण सूज नाही, जखम नाही, मग ही दारं कशामुळे बिघडतात? फिट्सच्या गोळीचा पोटाशी काय संबंध? आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाची, नॅव्ह १.८ हे सोडियमचं चॅनल रोखणारी वेदनेवरची गोळी मंजूर झाली, तिची वाट पाहण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद – औषधवाला

आधी बहिणीला सांगा की तिचं दुखणं खरं आहे. दुर्बिणीतून आतड्याचं अस्तर दिसतं, चॅनल दिसत नाहीत. ते दाखवणारी नेहमीची तपासणीही नाही.

आतड्याची एक गंमत आहे. ते कापलं तर फारसं कळत नाही, ताणलं की मात्र कळ येते. आयबीएसच्या अनेक रुग्णांच्या गुदाशयात फुगा घालून हवा भरली, तर इतरांपेक्षा कमी दाबालाच त्यांना दुखू लागतं. याचं एक कारण मास्ट पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराच्या एक प्रकारच्या पेशी. त्या हिस्टामिन सोडतात, ते चेतातंतूवरच्या एच१ ग्राहीला (रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला) लागतं आणि टीआरपीव्ही१ आणखी हळवा होतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी हे रुग्णांच्या ऊतींवर दाखवलंय. कित्येकांचा आयबीएस जुलाबाच्या संसर्गानंतर सुरू होतो. जंतू जातात, हळवेपणा मागे राहतो.

प्रीगॅबॅलिन कॅल्शियम चॅनलच्या अल्फा-टू-डेल्टा या भागाला चिकटते, त्यामुळे चेतातंतूच्या टोकाकडून रसायनं कमी सुटतात. फिट्स असोत की नसांचं दुखणं, लक्ष्य तेच. आयबीएसमध्ये छोट्या चाचणीत उपयोग दिसलाय, भक्कम पुरावा अजून नाही. गुंगी येते, चक्कर येते. आणि मनाने एकदम बंद करायची नाही.

सुझेट्रिजिनवर मी तरी आशा लावून बसणार नाही. तिची मंजुरी तीव्र, अल्पकाळच्या वेदनेसाठी आहे. चाचण्या झाल्या त्या पोटावरची जादा त्वचा काढण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर. पोटावरची कातडी म्हणजे आतडं नव्हे! सायटिकाच्या चाचणीत तर ती औषध नसलेल्या नकली गोळीच्या (प्लासिबोच्या) फारशी पुढे गेली नाही.

प्रतिसाद – जुना रुग्ण

चॅनल रोखलं की दुखणं संपलं, इतकं ते सरळ नाही. सेरोटोनिनचा ५-एचटी३ ग्राही हाही एक आयन चॅनलच. त्याला रोखणारी अ‍ॅलोसेट्रॉन २००० साली अमेरिकेत आली आणि आतड्याचा रक्तपुरवठा घटण्याच्या तक्रारींमुळे त्याच वर्षी मागे घेतली गेली. २००२ मध्ये परतली, पण कडक अटींवर आणि जुलाबाचा तीव्र आयबीएस असलेल्या स्त्रियांपुरतीच. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल बऱ्याच जणांना मानवतात. त्यातलं मेंथॉल आतड्याच्या स्नायूंतले कॅल्शियम चॅनल आवरतं. पण छातीत जळजळ होऊ शकते.

बहिणीला जुलाब जास्त की बद्धकोष्ठ? वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, रात्री दुखण्याने जाग येते, असं काही असेल तर चॅनल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. 'दुर्बिणीतून चॅनल दिसत नाहीत' हे वाक्य तिला वाचून दाखवलं, जरा शांत झाली. रक्त, वजन वगैरे काही नाही. बद्धकोष्ठच जास्त.

प्रतिसाद – औषधवाला

मग हे डॉक्टरांच्या कानावर घालाच, कारण प्रीगॅबॅलिननेही बद्धकोष्ठ वाढू शकतं. लिनाक्लोटाइडबद्दलही विचारा. ते आयन चॅनल रोखत नाही, आतड्याच्या अस्तरातल्या वेगळ्या ग्राहीवर काम करतं, पण शौचाला साफ होतं आणि वेदनाही उतरते.

धागाकर्ती

विचारते. बद्धकोष्ठाच्या आयबीएसमध्ये प्रीगॅबॅलिन घेतलेलं कुणी आहे का इथे? गुंगी किती दिवसांनी कमी झाली?